लहान मुलांसोबत घरी शिवण, विणकाम आणि हस्तकला: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या गेटवर, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, लग्नात पंगतीला बसल्यावर सुद्धा मला हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी सांगलीत राहते त्यामुळं दुकानं, हवा, सण सगळं इथलंच आहे, मिरज-माधवनगर-विट्याकडच्यांना पण तसंच लागू पडेल.

ताई, माझं पोरगं तीन वर्षांचं आहे, आत्तापासून सुरू करू का?

करा की, पण सुई नको एवढ्यात. तीन वर्षांच्या हाताला ओवायला आवडतं, तर भाजीची प्लास्टिकची जाळीची टोपली घ्या, बुटाची एक लांब लेस घ्या आणि दोन्ही त्याच्यासमोर ठेवून गप्प बसा. आत-बाहेर, आत-बाहेर करत बसतंय. मणी द्यायचे तर मोठे, लिंबाएवढे, कारण या वयाचं पोर बारीक मणी नाकात घालून बघतंच. चार-साडेचारला लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला पंचिंग मशीननं भोकं पाडून त्यातनं लोकर ओवायला द्या (लग्नसराई झाली की असा पुठ्ठा घरात ढिगानं असतो). सुई साधारण पाचच्या आसपास. पण वय बघण्यापेक्षा हात बघा: शर्टाचं बटण आपलं आपण लावतंय का, शेंगा सोलून दाणा अख्खा काढतंय का, हे जमत असेल तर सुई धरायला हरकत नाही, आणि सहा वर्षांचं असून जमत नसेल तर अजून थोडं ओवू दे, काही बिघडत नाही.

खरी सुई द्यायची? टोचली तर?

टोचणारच. एकदा टोचली की पोरगं सुई कशी धरायची ते आपोआप शिकतं, तुम्ही शंभरदा सांगून शिकत नाही ते. प्लास्टिकच्या सुया मिळतात, पण त्या साध्या कापडातनं जातच नाहीत, मग पोर जोर लावतं, कापड गोळा होतं, रडारड होते आणि आपण म्हणतो ह्याला आवड नाही. चूक हत्याराची, नाव पोराचं.

सुरुवात बोथट टोकाच्या मोठ्या नेढ्याच्या सुईनं करा, मॅटीवर भरतकाम करायला वापरतात ती. कापड पण मॅटीचं किंवा धुतलेलं गोणपाट, म्हणजे भोकं आधीच दिसतात आणि सुई कुठनं घालायची ते डोळ्याला कळतं. त्यावर हात बसला की गोधडीची सुई आणि जुन्या चादरीचा तुकडा. दोरा हातभरापेक्षा लांब द्यायचा नाही. लांब दोऱ्यानं काम लवकर होईल असं आपल्याला वाटतं, पण पोराचा हात तेवढा लांब जात नाही आणि प्रत्येक टाक्याला गुंता होतो. दोरा दुहेरी करून शेवटी गाठ मारून द्या, म्हणजे सुईतनं निसटत नाही, नाहीतर दर दोन मिनिटांनी "आई ओवून दे".

नियम दोनच पण कडक. एक, गादीवर, सोफ्यावर बसून शिवायचं नाही, चटईवर नाहीतर टेबलाशी. दोन, सुई हातात नसली की सुयांच्या उशीत खोचलेली असली पाहिजे, तोंडात नाही, फ्रॉकला नाही, जमिनीवर तर नाहीच. शेवटी सुया मोजून आत ठेवायच्या आणि मोजायचं काम पोराकडं द्यायचं, ते आपल्यापेक्षा प्रामाणिकपणे मोजतात. एक जाड लोहचुंबक घरात असू दे, सुई हरवली की चटईवरनं फिरवायचं.

पहिलं काय शिवायला द्यावं? मी टाक्यांचे नमुने करून घेते पण कंटाळतो.

मग कंटाळणारच, नमुने कोणाला आवडतात? धावदोऱ्याच्या दहा रांगा घालून झाल्यावर ते कापड जातं कुठं, तर कचऱ्यात. पोराला ते कळतं. वापरायची वस्तू पाहिजे आणि ती एका बैठकीत नाहीतर दोन बैठकीत संपली पाहिजे.

माझी सगळ्यात आवडती म्हणजे बेंदराच्या बैलाची झूल. आषाढात बेंदराला मातीचे बैल आणतोच आपण. त्या बैलाच्या पाठीवर कागद ठेवून पोरानं स्वतः माप घ्यायचं, पोटापर्यंत किती खाली यायला पाहिजे ते बोटानं खूण करून. मग खणाचा एक तुकडा आणि अस्तराचा एक तुकडा, कागदापेक्षा बोटभर मोठे. खणाचे दोरे लवकर निघतात म्हणून अस्तर लागतंच. दोन्हीच्या सुलट बाजू आत ठेवून तीन बाजू धावदोऱ्यानं शिवायच्या, आणि मग पालथं करायचं. हा पालथं करायचा क्षण बघण्यासारखा असतो, आतनं एकदम चकचकीत खण बाहेर येतो आणि सगळे वेडेवाकडे टाके आत गायब. सहा वर्षांची पोरं ते परत उलटं करून परत सुलटं करतात, दोन-तीनदा, शिवण उसवेपर्यंत. चौथी बाजू तुम्ही दुमडून शिवा. कोपऱ्याला गोंडे पाहिजेत तर जेवायच्या काट्यावर लोकर गुंडाळायची, मधल्या फटीतनं दोरा घालून घट्ट गाठ मारायची, काट्यावरनं काढून दोन्ही कडा कात्रीनं कापायच्या, झाला गोंडा. टिकल्या नंतर चिकटवा पाहिजे तर.

दिवाळीत किल्ल्यासाठी भगव्या कापडाचे झेंडे, शाळा सुरू होताना पेन्सिलींची पिशवी, आजीच्या चष्म्याला कव्हर. यातलं काहीही चालतं.

टाके वाकडे येतात, रात्री उसवून नीट करून ठेवू का?

नको! एकदम नको. सकाळी उठल्यावर पोराला पहिल्या नजरेत कळतं की हे माझं नाही. मग पुढच्या वेळी ते म्हणतं "तूच कर". शाळेच्या कार्यानुभवाच्या वहीत आयांनी केलेले इतके सुबक टाके मी बघितलेत की पोराचं नाव खाली वाचून हसू येतं. वही सुंदर झाली, पोराला सुई ओवता येत नाही.

उसवायचं फक्त तेव्हा जेव्हा पोर स्वतः म्हणेल की मला हे आवडलं नाही, आणि तेव्हाही उसवायला त्यालाच शिकवा, हा पण एक कामाचा भाग आहे. आणि टाका कितीही वाकडा असला तरी गाठ पक्की आहे का तेवढं बघा. वाकडी पिशवी चालते, सुटणारी पिशवी चालत नाही, कारण त्यातनं पेन्सिली पडल्या की पोराचाच हिरमोड.

विणकाम कितव्या वर्षी? सुया कुठल्या नंबरच्या घ्यायच्या?

दोन सुयांचं विणकाम सात-आठ वर्षांपासून बरं जमतं, काहींना सहाव्या वर्षी पण जमतं. पण त्याआधी बोटांवरचं विणकाम करून घ्या, त्याला सुई लागतच नाही.

ते असं. डावा हात पोराच्या तोंडासमोर, तळवा स्वतःकडं. लोकरीचं टोक अंगठ्यात धरायचं. मग लोकर पहिल्या बोटाच्या पुढनं, दुसऱ्याच्या मागनं, तिसऱ्याच्या पुढनं, करंगळीच्या मागनं, आणि करंगळीला वळसा घालून परत उलटं, म्हणजे जिथं मागनं गेली तिथं पुढनं. प्रत्येक बोटावर एक वेढा झाला. असाच अजून एक फेरा, पहिल्याच्या वर. आता प्रत्येक बोटावर दोन वेढे आहेत, खालचा वेढा चिमटीत धरून वरच्यावरनं बोटाच्या पलीकडं टाकायचा. चारी बोटांचं झालं की परत फेरा. पाच-सहा फेऱ्यांपर्यंत काहीच दिसत नाही आणि पोर वैतागतं, मग हाताच्या मागं बघायला सांगा, तिथं दोरी तयार होत असते. बास, मग जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. ह्या दोरीचं हेअरबँड होतं, दाराला तोरण होतं, बाहुलीचा मफलर होतो, गुंडाळून शिवली तर पेल्याखालचं बैठकं होतं.

सुयांचं म्हणाल तर आपल्याकडं जुने नंबर चालतात आणि ते उलटे असतात, नंबर मोठा तशी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४, ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. पोरांना ६ किंवा ८ घ्या आणि मिळाल्या तर आखूड घ्या, मोठ्या बायकांच्या लांब सुया पोरांच्या काखेत अडकतात. लोकर जरा जाड आणि फिकट रंगाची, काळ्या लोकरीवर टाका दिसतच नाही. दहा-बारा टाके घालून द्या आणि सगळ्या ओळी सुलट. उलट टाका नंतर, गडबड नको.

दहा टाके घालून दिलेले, चौदा झाले! पट्टी रुंद होत चाललीय.

सगळ्यांची होते, आणि कारण बहुतेक वेळा एकच. ओळ बदलताना लोकर सुईच्या वरनं मागं ओढली जाते. तसं झालं की पहिला टाका वर खेचला जाऊन दोन पायांचा दिसतो, पोर ते दोन टाके समजून दोन्ही विणतं, वाढला एक. म्हणून ओळ सुरू करताना लोकर सुईच्या खालनं मागं गेलीय ना एवढंच बघायला शिकवा. दुसरं म्हणजे दर ओळीला टाके मोजायचे, मोठ्यानं. पहिलीच्या पोराला यातनं गणिताचा सराव होतो तो वेगळाच.

क्रोशा सोपा की सुया?

क्रोशा, माझ्या मते. एकच सुई, एकच टाका, निसटला तरी सगळं उसवत नाही. नुसती साखळी घालायला आली की पोरं खोलीभर साखळी घालतात, घालू दे. मुका खांब, खांब वगैरे पुढचे टाके नंतर. पण आजी घरात सुयांवर विणणारी असेल तर सुयाच शिकवा, शिकवणारं माणूस जवळ असणं जास्त महत्त्वाचं.

लोकर कुठली घ्यायची? आटपाडीकडं घोंगडीची लोकर मिळते ती चालेल का?

घोंगडीची लोकर आपल्या दख्खनी मेंढीची, जाडीभरडी, टिकाऊ पण अंगाला टोचणारी. विणायला पोरांच्या बोटांना त्रास होतो. पण गोळे करायला, बाहुलीचे केस करायला, उशीत भरायला एक नंबर. सुयांची उशी तर त्याचीच करा, न धुतलेल्या लोकरीत थोडा चिकट अंश असतो त्यानं सुया लवकर गंजत नाहीत आणि पावसाळ्यात इथं त्याची गरज पडतेच. बाजारात साधी मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, शिकायला उत्तम, स्वस्त, धुता येते. फक्त गॅसजवळ आणि इस्त्रीजवळ न्यायची नाही, ती वितळते. आणि एप्रिल-मे मध्ये सांगलीत लोकर हातात धरवत नाही, घामानं चिकट होते, तेव्हा जाड सुती दोरा घ्या नाहीतर सरळ विणकाम बंद ठेवून शिवण करा.

कापडावर रंगकाम करायचंय पण केमिकल नको, काय करू?

अहो हळदीच्या गावात राहून हा प्रश्न? २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, वापरा की ती जरा.

जुना पांढरा सुती रुमाल घ्या, सुतीच, पॉलिस्टरवर नीट बसत नाही. नवीन असेल तर आधी धुवून खळ काढा. दीड-दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे हळद, पंधरा-वीस मिनिटं उकळा (हे तुम्ही करा), गॅस बंद करून ओला रुमाल त्यात अर्धा तास. मग पाण्यातनं खळबळून सावलीत वाळवा. पिवळाधमक होतो. भांडं स्टीलचं घ्या, आणि पोराला जुना बनियन घाला कारण तो नंतर पिवळाच राहणार.

आता खरी मजा. कपडे धुवायचा वडीचा साबण थोड्या पाण्यात विरघळवा आणि ब्रशनं, नाहीतर बोटानंच, त्या पिवळ्या रुमालावर चित्र काढायला सांगा. जिथं साबण लागेल तिथं तांबडं उमटतं. पोरं अक्षरशः ओरडतात. मग लिंबाचा थेंब टाका, परत पिवळं. हळदीतला रंग क्षारानं लाल होतो आणि आंबटानं परत येतो, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते ह्याच तत्त्वावर. पण पोरांच्या हातात चुना द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर फार वाईट, साबणावर भागवा. हा रंग उन्हात फिका पडतो आणि चित्र पहिल्या धुण्यात जातं हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर रडू.

कुठला गोंद वापरू? हॉट ग्लू गन देऊ का?

गन दहा वर्षांखालच्यांना नको, तो गोंद बोटाला चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. पांढरा फेव्हिकॉल कापडाला, पुठ्ठ्याला, लोकरीला पुरतो, पातळ लावायचा. कागदासाठी घरची खळ करा, दोन चमचे मैदा किंवा कणीक, कपभर पाणी, मंद गॅसवर ढवळत राहायचं घट्ट होईपर्यंत. पूर्वी खळीत किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालायचे, तसं करू नका, विषारी असतं ते. ताजी करा, दोन दिवसांत संपवा, उरली तर फ्रिजमध्ये.

घरात दुसरं बाळ येतंय, मोठ्या मुलीकडून बाळासाठी काही करून घेता येईल का?

अवश्य, याच्यासारखं निमित्त नाही. बाळंतविड्यात आई-आजी-मावशी झबली-टोपडी शिवतात, त्यात ताईचं एक दुपटं असू दे. आजीच्या जुन्या सुती साडीचे दोन थर, धुवून धुवून मऊ झालेले, कडा तुम्ही दुमडून द्या आणि मध्ये तिला पाहिजे तसा धावदोरा घालू दे, रंगीत दोऱ्यानं. कुंची तुम्ही शिवा, तिला फक्त कडेची लेस धरायला द्या.

पण बाळाच्या वस्तूवर मणी, टिकल्या, बटणं काहीही नको. तीन वर्षांपर्यंत सगळं तोंडात जातं. कापडी ससा-हत्ती केला तर डोळे दोऱ्यानं भरा. टोपड्याच्या नाड्या आखूड. गाठी उलट बाजूला, आणि ती बाजू बाळाच्या अंगाला लागणार असेल तर गाठी दोन थरांच्या मध्ये लपवा. आणि शिवून झाल्यावर सुया मोजा, बाळाच्या दुपट्यात राहिलेली सुई हा विचार सुद्धा नको वाटतो.

मुलगा आहे, शिवण शिकवलं तर सासूबाई नाव ठेवतात.

त्यांना एकदा सोबत घेऊन पॅन्ट शिवायला टाका, मशीनवर कोण बसलेलं असतं ते दाखवा. माणदेशातले धनगर मेंढरामागं चालता चालता लोकर कातायचे, घोंगड्या विणणारे सनगर, सगळे बाप्येच. आणि पुढं पुण्याला होस्टेलवर गेल्यावर तुटलेलं बटण कोण लावणार आहे, सासूबाई?

डावखुरी आहे, तिला जमत नाही.

शेजारी बसून शिकवत असाल, समोर बसा. आरशात बघितल्यासारखं ती तुमच्या उजव्या हाताची नक्कल डाव्या हातानं करेल. कात्री मात्र डावखुऱ्यांची वेगळी घ्या, साधी कात्री डाव्या हातात कापड कापत नाही, चेंगरते. हात बदलायला लावू नका.

आजी वाकळ शिवते, नातवाला त्यात घेता येईल का? मध्ये मध्ये लुडबूड करतो.

लुडबुडीला काम द्या. आजीला सुई ओवता येत नाही, नातवाचे डोळे चांगले आहेत, आठ-दहा सुया सकाळी ओवून उशीला लावून ठेवायचं काम त्याचं. दुसरं काम ठिगळं मांडायचं, कुठला रंग कुठं ते त्याला ठरवू दे, आजी थोडी कुरकुरेल. स्वतःची छोटी वाकळ पाहिजे असेल तर बाहुलीच्या मापाची, तीन थर, त्याहून जाड केली तर सुई बाहेर येत नाही. थर आधी लांब लांब कच्च्या टाक्यांनी पकडून द्या, नाहीतर सरकतात. आणि दिवेलागणीला आजी "ठेव आता ती सुई" म्हणाली की ठेवायची, त्यावर वाद घालू नका, तशीही त्या उजेडात डोळ्यांची वाटच लागते.

मोबाईलवर व्हिडिओ लावून देऊ का?

तुम्ही आधी बघा, शिका, मग मोबाईल बंद करून तुमच्या हातानं दाखवा. पोराचे दोन्ही हात कामात असतात, पॉझ कोण करणार?

मशीन कधीपासून?

आठ-नऊ वर्षांपासून, हातानं चाक फिरवायची मशीन असेल तर छानच, कारण वेग पोराच्या हातात राहतो. मोटर लावलेली मशीन नंतर. पहिले काही दिवस दोरा न घालता वहीच्या रेघी कागदावर चालवायला द्या, रेघेवरनं भोकं पाडत जायचं, सरळ चालवायला तिथंच शिकतात (ती सुई नंतर बदला, कागदानं बोथट होते).

सामान कुठनं आणू, खर्च किती येतो?

आधी काही आणू नका. जवळच्या टेलरला पिशवी देऊन या, ब्लाऊजच्या चिंध्या तो आनंदानं भरून देतो, त्याचा कचरा कमी होतो. अस्तर, लेस, खणाचा तुकडा कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये, कापड पेठेत फिरलात तर मापातनं उरलेले तुकडे कमी पैशात मिळतात, मागायला लाजायचं नाही. पैसे घालायचेच तर कात्रीवर घाला. लहान मुलांची म्हणून जी प्लास्टिकची कात्री मिळते ती कापड कापत नाही, छोटी, बोथट टोकाची पण धारेची कात्री घ्या आणि तिनं कागद कापू देऊ नका, कोणालाच, नवऱ्याला पण नाही.

अर्धवट सोडतो सगळं. डबा भरलाय अर्ध्या कामांनी.

आपल्या कपाटात काय आहे? माझ्याकडं एक स्वेटर आहे ज्याची एकच बाही झालीय, आणि ज्याच्यासाठी होता तो आता कॉलेजला जातो. अर्धी कामं वेगळ्या पिशवीत ठेवा, समोर नाही, पावसाळ्यात लाईट गेली की ती पिशवी काढायची, तेव्हा आपोआप दोन-तीन पुरी होतात. उरलेली बेंदराला झुलीच्या गोंड्यांसाठी उसवून घ्या, लोकर वाया जात नाही.